पाचवं पेन

आईला इन्सुलिन सुरू करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांना वाटलं, बाई सुईला घाबरतील. त्यांनी तिला बराच वेळ समजावलं. सुई केसासारखी बारीक असते, मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही, लहान मुलंसुद्धा आपली आपण घेतात, वगैरे. आई शांतपणे ऐकत होती. तिचा जन्म ब्लाउज शिवण्यात गेला. एकदा मशीनची सुई तिच्या नखातून आरपार गेली होती, तेव्हा तिने रक्ताचा डाग पडू नये म्हणून आधी गिऱ्हाइकाचं कापड बाजूला सरकवलं आणि मग बोंब मारली. डॉक्टरांचं सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "केवढ्याला पडतं?"

"ते मेडिकलवाला सांगेल," डॉक्टर म्हणाले.

मेडिकलवाल्याने सांगितलं तेव्हा आईने काउंटरची कड धरली. एका पेनाला सातशेच्या वर, सुया वेगळ्या.

"पेन म्हणजे? याने लिहिता येतं का?"

"नाही मावशी, नाव तसं आहे. याने पोटात इंजेक्शन घ्यायचं."

"किती दिवस पुरतं?"

"तुमच्या डोसाला बारा-तेरा दिवस."

आई माझ्याकडे वळली. "तुझ्या वडिलांना लग्नात मिळालेलं शाईचं पेन ते जाईपर्यंत चाललं," ती म्हणाली, आणि पिशवीतून पैसे काढायला लागली. नोटा मोजताना तिचा चेहरा असा झाला होता, की मेडिकलवाल्याने न मागता तिला पाणी दिलं.

त्या पेनाच्या टोकाला एक चकती असते. ती फिरवली की टिक टिक वाजतं. एक टिक म्हणजे एक युनिट. आईने पहिल्याच संध्याकाळी हिशेब लावला, की एक टिक अडीच रुपयांना पडते. त्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडायची, म्हणजे सुईतली हवा निघून जाते आणि पेन नीट चालतंय हे कळतं.

"पाच रुपये हवेत?" आई म्हणाली. "सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच? आणि मी काय घराच्या छतावर पेट्रोलपंप काढलाय?"

पेट्रोलपंपाचा इथे काय संबंध, हे मी विचारलं नाही. पैशाचं बोलायला लागली की आईच्या तोंडात पेट्रोलपंप हमखास येतो.

मग घरातल्या खाण्याच्या किमती बदलल्या. मी भाताचा डाव पुढे केला की आई ताटावर हात आडवा धरायची. "नको, दहा रुपयांचा होईल." खालच्या मजल्यावरून बारशाचे पेढे आले, तर तिने एक पेढा हातात घेऊन इकडून तिकडून पाहिला आणि परत बॉक्समध्ये ठेवला. "हा फुकट आलाय खरा, पण पचवायला वीस रुपये लागतील." एकदा माझी मावसबहीण आली होती. आईने तिला शिरा वाढला आणि कौतुकाने म्हणाली, "खा गं, तुला काय, तुझं अजून आतून फुकट निघतंय." मावसबहिणीला काही कळलं नाही. तिने शिरा मात्र दोनदा घेतला.

एवढं कडक पथ्य चाललं होतं, तरी तपासणीत साखर काही खाली यायला तयार नव्हती. डॉक्टरांनी डोस वाढवला. म्हणजे टिका वाढल्या. आईने त्या दिवशी डॉक्टरांकडे असं पाहिलं, की जणू त्या पेनाच्या कंपनीत त्यांचे भाऊबंद कामाला होते.

मेडिकलवाला मनाने बरा माणूस होता. एक दिवस तोच म्हणाला, "मावशी, तुम्ही एकेक पेन सुटं नेता, त्यावर मला काही कमी करता येत नाही. पाचाची अख्खी पेटी घ्या, चांगली सूट देतो."

मी म्हटलं, घेऊन टाकू. फ्रीजमध्ये राहील. आई मला कोपराने मागे ढकलून पुढे झाली.

"आणि मध्येच डॉक्टरांनी औषध बदललं तर परत घेशील?"

"फ्रीजचा माल परत नाही घेता येत, मावशी."

"आणि मध्येच मी गेले तर?"

मेडिकलवाला बिलबुक चाळायला लागला. आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला तर साखर नाही. चार पेनं तशीच पडून राहतील. दशक्रियेला वाटायची का लोकांना?"

नेमकी त्याच वेळी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या समोरच्या दारातली चाची उभी होती. तिच्या हातातही तेच निळं पेन होतं आणि तीही सुटंच घेत होती.

चाची म्हणजे आमच्या मजल्यावरची दुसरी सत्ता. कोकणी मुसलमान, माहेर उरणकडचं, नवरा वारलेला, एकुलता मुलगा बायको-मुलांसह दोह्याला. मी लहान असताना ईदला तिच्याकडून शिरखुर्मा यायचा आणि दिवाळीला आमच्याकडून करंज्या जायच्या. मग आईने जिन्याजवळ चपलांचा स्टँड ठेवला. चाचीचं म्हणणं, तो चार बोटं तिच्या बाजूला आलाय. आईचं म्हणणं, चार बोटं कुणाची, तुझी की माझी? एवढ्यावरून दोघींनी बोलणं टाकलं. वर्षं गेली. करंज्या आणि शिरखुर्मा मी ने-आण करत राहिले, कारण मी दोन्हीकडचं खायचे.

मेडिकलवाल्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "अहो, तुम्ही दोघी समोरासमोर राहता ना? औषध एकच, ताकद एकच. दोघींत मिळून एक पेटी घ्या की!"

आईने भिंतीवरच्या टूथपेस्टच्या जाहिरातीकडे पाहत मला सांगितलं, "तिला विचार, रोज किती टिका घेते?"

चाची चार फुटांवर होती. ती छताच्या पंख्याकडे पाहत म्हणाली, "बेटी, तुज्या आईला सांग, माज्या टिका किती त्या मी दुकानात बोलणार नाय. घरी ये म्हणावं."

अशा रीतीने जुनं भांडण मिटलं. म्हणजे भांडण तसंच राहिलं, पण त्या दिवशी आई चाचीच्या घरात शिरली, कोचावर बसली, आणि दोघींनी बिनसाखरेचा चहा पीत पाच पेनांची वाटणी सुरू केली.

पाचाचे दोन समान भाग होत नाहीत, ही गोष्ट सगळ्यांना शाळेत शिकवलेली असते. त्याचा जीवनात एवढा त्रास होईल, हे कुणी सांगत नाही. दोन आई घेणार, दोन चाची. पाचव्याचं काय? चाचीचा डोस मोठा, म्हणून ते तिला द्यावं, असं चाचीला वाटत होतं. पेटीचे पैसे दोघींनी निम्मे दिलेत, म्हणून ते कुणा एकीचं नाही, असं आईला वाटत होतं. मी सुचवलं, या पेटीतली तीन चाचीने घ्यावीत आणि तिसऱ्याचे पैसे वेगळे द्यावेत, पुढच्या पेटीत आईने तसंच करावं. दोघींनी माझ्याकडे एकाच प्रकारे पाहिलं. मी माझा कप विसळायला उठले.

शेवटी ठरलं, की पाचवं पेन सामाईक. जिचं आधी संपेल तिने त्यातलं वापरायचं आणि नंतर परत करायचं. ते ठेवायचं चाचीच्या फ्रीजमध्ये, कारण तिच्याकडे मुलाने इन्व्हर्टर बसवून दिला होता आणि आमच्याकडची लाइट वारा आला तरी जायची. यावरही आईची हरकत होतीच.

"तुझ्या फ्रीजमध्ये बांगडे असतात. पेनाला वास लागेल."

"वैनी, तुमच्या फ्रीजात काय गुलाब असतात? काल तुमच्याच घरातून बांगड्याचा वास येत होता."

"तो माझ्या बांगड्याचा. माझ्या पेनाला दुसऱ्याच्या बांगड्याचा वास कशाला?"

चाचीने पेन एका स्टीलच्या डब्यात घातलं, डबा फ्रीजच्या दारात ठेवला, आणि आईला उठवून तो दाखवला. आईने डब्याचं झाकण दोनदा दाबून पाहिलं.

पुढचे काही महिने मजल्यावर मोठी गंमत होती. इतर इमारतींतल्या बायका वाटी घेऊन साखर उसनी मागायला जातात. आमच्याकडे साखर उतरवायचं उसनं मागितलं जायचं. सकाळी दारावर टकटक झाली की चाची उभी. "वैनी, सोळा टिका द्या, संध्याकाळी मेडिकलला जातेय." मग आई तिचं ठेवणीतलं नवं पेन काढून द्यायची, आणि त्याच्या बदल्यात सामाईक पेनावरचा आपला हक्क बोलून दाखवायची. कोणाच्या किती टिका कोणाकडे बाकी आहेत, यावर दोघींचं कधी एकमत झालं नाही. मी समजत होते, पेनं अख्खी जातात आणि अख्खी परत येतात. पण त्या निमित्ताने रोजची बोलणी व्हायला लागली. सकाळी दोघी मिळून पनवेलच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायला जायच्या. आई पुढे, चाची मागे, आणि आईचं सगळं बोलणं मान मागे वळवून. त्यामुळे ती दोनदा समोरून येणाऱ्या माणसांवर आदळली.

मी जासईला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात काम करते. कंपनीची बस संध्याकाळी पनवेलला सोडते, पण ट्रेलरच्या रांगेत अडकली की किती वाजतील याचा नेम नसतो. त्या दिवशी कधी नव्हे तो रस्ता मोकळा होता आणि मी लवकर घरी पोचले. आमचं दार उघडं, घरात कुणी नाही. चाचीचं दारही उघडं. आत गेले तर दोघी कोचावर बसलेल्या, पदर आणि कुर्ता बाजूला सारलेला. आईने नुकतंच पोटावरून पेन काढलं, त्याची सुई काढून टाकली, आणि पेन चाचीच्या हातात दिलं. चाची त्याला आपली नवी सुई लावायला लागली.

मी दारातूनच ओरडले. चाचीच्या हातातून सुई पडली.

"काय झालं किंचाळायला?" आई म्हणाली. "पाल आहे का?"

"एकच पेन दोघी घेताय?"

"सामाईक आहे ते. सुई बदलतोय की! मी एका मशीनवर शंभर बायकांचे ब्लाउज शिवले. सुई बदलली, दोरा बदलला, झालं."

"अगं ते कापड होतं!"

"बेटी, मी माज्या सुईला हात पण लावू दिला नाय तिला," चाची म्हणाली. तिला वाटलं, माझी तक्रार स्वच्छतेची आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दोघींना रिक्षात घालून खारघरला डॉक्टरांकडे नेलं. चाचीचे डॉक्टर वेगळे होते, पण मी म्हटलं, आज बोलणी एकत्रच खायची. रिक्षात दोघी एका बाजूला झाल्या होत्या. मी शत्रू होते. त्यांनी आपसात ठरवलं होतं, की डॉक्टरांना सगळं सांगायचं नाही, आणि ते त्या माझ्यासमोरच ठरवत होत्या.

डॉक्टर आधी ऐकतच राहिले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सुई आत असताना रक्ताचा एखादा कण उलटा पेनात शिरू शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या अंगात जातो, म्हणून सुई बदलली तरी पेन एकाचंच असायला हवं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. दोघींच्या रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. मग म्हणाले, "पण असं करावंसं वाटलंच का तुम्हाला?"

आई खिडकीबाहेरच्या टॉवरकडे बघायला लागली. चाचीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आणि डोस पूर्ण घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

आई पिशवीत रुमाल शोधायला लागली.

"मावशी?"

"सकाळचा पूर्ण घेते," आई म्हणाली. "संध्याकाळी थोडा कमी. संध्याकाळी मी जेवतेच कुठे फारसं!"

"थोडा म्हणजे?"

"निम्मा."

मी आईकडे पाहिलं. रोज संध्याकाळी ती माझ्या देखत चकती फिरवायची, टिक टिक वाजायचं. ती पुढे फिरवून हळूच मागे आणायची, मागे येतानाही तसंच वाजायचं, आणि मी भाजी परतता परतता ऐकायचे आणि समाधान मानायचे. एवढ्या दिवसांत तिच्या पायांची आग होत होती, रात्री ती पाय पंख्याच्या बाजूला करून झोपायची. आम्हाला वाटायचं, उकाडा.

"आणि तुम्ही?" डॉक्टरांनी चाचीला विचारलं.

चाची खूप हळू बोलली. "माज्या पोराचा ओवरटाइम बंद झालाय तिकडे. तो विचारतो, अम्मी, दवा घेतेस ना? मी म्हणते हां. एक दिवस घेते, एक दिवस सोडते." मग एकदम आईकडे वळून म्हणाली, "वैनी, तुमी निम्मा घेत होता तर मला बोलला का नाय? मी तुमच्याकडून सोळा सोळा टिका उसन्या नेत होते!"

"मग काय झालं? परत केल्यास ना."

"नाय केल्या सगळ्या."

"माहितीये मला," आई म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. "मला आधी का नाही सांगितलंत परवडत नाही म्हणून?"

"तुम्ही विचारलंत का?" आई म्हणाली. "तुम्ही विचारलंत झोप लागते का, शौचाला साफ होते का. पैशाचं विचारलं असतं तर सांगितलं असतं."

डॉक्टर चक्क हसले. म्हणाले, "बरोबर आहे. चुकलंच." मग त्यांनी सांगितलं, की जुन्या पद्धतीचं इन्सुलिन अजून मिळतं, बाटलीतलं, सिरिंजने घ्यायचं. एका पेनाच्या पैशात त्याच्या तीन-चार बाटल्या येतील. त्याला शिस्त मात्र लागते. टोचल्यावर अर्ध्या तासाने जेवायलाच हवं, मागेपुढे करायचं नाही, नाहीतर साखर एकदम खाली जाते. डोस त्यांनी नव्याने लिहून दिला, सुरुवातीला दिवसातून किती वेळा साखर तपासायची ते सांगितलं. बाटली आपापली, सिरिंज आपापली, यावर त्यांनी दोघींकडून हात वर करून कबुली घेतली. शाळेतल्या मुलींसारख्या दोघींनी हात वर केले.

बाहेर पडल्यावर आई रिक्षात बोटांवर हिशेब करत बसली. पनवेल आलं तशी म्हणाली, "एवढं स्वस्त होतं, तर आधी लपवून का ठेवलं होतं मेल्यांनी?" याचं उत्तर मला आजही नीट माहीत नाही. मेडिकलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "जे लिहून येतं ते मी देतो."

रक्ताच्या तपासण्यांत दोघींना काही निघालं नाही. बाटल्या आल्या. पाचव्या पेनावरची ती सामाईक मालकी संपली. आता जिला तिला आपली बाटली परवडत होती. मला वाटलं, आता या पुन्हा आपापल्या दारात.

पण सिरिंजवरच्या रेघा फार बारीक असतात. आईच्या डोळ्यांना त्या दिसेनात. तिला सगळी सिरिंज एकसारखी राखाडी दिसायची. चाचीचा मोतीबिंदू काढलेला, तिला समोरच्या इमारतीतल्या कॅलेंडरवरची तारीखसुद्धा दिसते, पण तिच्या हाताला कंप. बाटलीच्या रबरी बुचात सुई घालायला गेली की सुई बुचाच्या चारी बाजूंना फिरून यायची. पहिले दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ दोघींच्या सिरिंजा भरल्या. तिसऱ्या दिवशी बस ट्रेलरच्या मागे अडकली. घरी पोचले तर चाचीच्या घरातून आवाज येत होते.

"येऊ दे... येऊ दे... अजून जरा... बस बस बस! मागे घ्या, वैनी, मागे!"

आमच्या यार्डात ट्रेलर रिव्हर्स घेताना क्लीनर ओरडतात, अगदी तसं. आईने बाटली उलटी धरली होती, तिचा हात दगडासारखा स्थिर, आणि चाची नाक सिरिंजला लावून रेघा वाचत होती.

"बुडबुडा आहे," चाची म्हणाली.

"कुठे?"

"तुमाला दिसणार नाय. टिचकी मारा. वर. अजून वर. गेला!"

आईची सिरिंज भरून झाली. मग चाचीच्या बाटलीतून, चाचीच्या सिरिंजमध्ये, तेच सगळं पुन्हा. आईच्या बाटलीला कुंकवाचं बोट लावलेलं होतं, चाचीच्या बाटलीला हिरवा दोरा. मग दोघींनी आपापलं टोचलं, घड्याळ पाहिलं, आणि अर्धा तास, जेवणाची वेळ होईपर्यंत, मेडिकलवाल्याच्या लग्नाच्या मुलीविषयी बोलत बसल्या. मी तिथे उभी आहे, हे दोघींच्या लक्षातही आलं नाही.

साखर हळूहळू खाली आली. आईच्या पायांची आग कमी झाली. एकदा तिची साखर जरा जास्तच उतरली, कारण टोचून झाल्यावर दोघींचं कशावरून तरी वाजलं आणि आई जेवायचीच विसरली. घाम फुटला, हात थरथरायला लागले. चाचीने धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं आणि आईला पाजता पाजता भांडण तिथूनच पुढे चालू केलं.

यंदा चाचीच्या मुलाने तिकीट पाठवलं आणि ती दोन महिन्यांसाठी दोह्याला गेली. जायच्या आदल्या दिवशी आई फार चिडचिडी होती. मी म्हटलं, "काळजी करू नकोस. सकाळी बसच्या आधी मी सिरिंज भरून देईन, आणि संध्याकाळी आल्यावर."

चाची गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हात धुऊन तयार झाले. बाहेरच्या खोलीत येऊन बघते तर आईने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर चाचीचा अर्धा चेहरा दिसत होता. तिकडे अजून दुपार होती, ती बहुधा झोपेतून उठली होती.

"जवळ आणा, वैनी. अजून जवळ. आता नुसतं नाक दिसतंय तुमचं. सिरिंज दाखवा, सिरिंज!"

"ही काय. आता?"

"उजेडात धरा. हां. येऊ दे... येऊ दे..."

"आई," मी म्हटलं, "मी आहे ना इथे. मला दिसतंय सगळं. मी बघते."

आईने मान न वळवता मला हाताने बाजूला केलं. "तू थांब जरा. तुला घाई असते."

"बस!" दोह्यातून चाची ओरडली. "एक रेघ मागे!"